मास्कची तपासणी वॉर्डाच्या दाराशी

२०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात पेरण्या झाल्या आणि आठ-दहा दिवसांत गावोगावहून एकच तक्रार येऊ लागली. सोयाबीन उगवले नाही. पिशवीला टॅग होता, लॉट नंबर होता, उगवणशक्तीचा आकडा छापलेला होता. वावरात मात्र तास रिकामे. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. त्याच आठवड्यांत नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत सिस्टर, निवासी डॉक्टर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा दुसऱ्याच एका छापील आकड्यावर विसंबून कोविड वॉर्डात शिरत होते. तो आकडा मास्कवरचा ९५. शेतकऱ्याच्या हाती निदान एक उपाय होता. पेरणीआधी पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे, आणि ते सत्तरच्या बरेच खाली भरले तर ते बी पेरायचे नाही. कृषी खाते हेच सांगते आणि जुनी माणसे हेच करत आली. मास्क घालणाऱ्याकडे असा कोणताच उपाय नव्हता. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे की तो उपाय आपण इथे, नांदेड-लातुरात, उभा करू शकतो आणि केला पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्याचा मास्क ज्या दवाखान्यात वापरला जातो तिथेच तो तपासला गेला पाहिजे. कारखान्याने दिलेल्या प्रमाणपत्राने ही जबाबदारी संपत नाही.

असे का म्हणतो, हे कळण्यासाठी मास्क आतून पाहावा लागेल. एन-९५ मास्क कात्रीने मधोमध कापला की थर सुटे होतात. बाहेरचा आणि आतला थर जरा खरखरीत, न विणलेल्या कापडाचा; धंद्यात त्याला स्पनबाँड म्हणतात. त्याचे काम आकार धरून ठेवण्याचे. खरे काम करतो तो मधला पांढरा, मऊ थर, मेल्टब्लोन. पॉलिप्रॉपिलीन वितळवून, गरम हवेच्या झोतात त्याचे अतिबारीक तंतू उडवून हा थर तयार होतो. या तंतूंमधल्या फटी विषाणूवाहक कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. भोक लहान आणि कण मोठा, म्हणून कण अडतो, ही सर्वसाधारण समजूत इथे लागू पडत नाही. मोठे कण वळणावर तंतूंना आदळतात, अगदी लहान कण भरकटत जाऊन चिकटतात, आणि अधल्यामधल्या आकाराचे, सर्वांत निसटते कण पकडण्यासाठी तंतूंवर स्थिर विद्युतभार चढवलेला असतो. टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात हा भार चढवण्याची पद्धत विकसित केली आणि आजचा हलका, श्वास घेता येईल असा मास्क शक्य झाला.

आता अडचण अशी की हा भार डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, वजनकाट्यावर भरत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये मेल्टब्लोनच्या तुकड्यांवर अल्कोहोल वापरून पाहिले. आधी सुमारे ९६ टक्के कण अडवणारे कापड त्यानंतर ५६ टक्क्यांवर आले. कापड दिसायला तसेच, रंग तोच, जाडी तीच. त्या वर्षी मास्क जपून वापरायचा म्हणून त्यावर सॅनिटायझर फवारणारे, साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालणारे लोक आपण सर्वांनी पाहिले. त्यांनी काळजीपोटीच मास्क निकामी केला. पण कारखान्यातूनच भार न चढवलेले किंवा कमी वजनाचे मेल्टब्लोन घातलेला मास्क निघाला, तर तोही असाच निर्दोष दिसतो. मेणबत्ती फुंकून पाहणे, मास्कमध्ये पाणी ओतून ते गळते का पाहणे, असे प्रयोग तेव्हा मोबाइलवर फिरले. त्यांतून बारीक कण अडतात की नाही हे मुळीच समजत नाही. पाणी तर बाहेरचा साधा थरही अडवतो. ही वस्तू यंत्राशिवाय पारखता येत नाही, आणि फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच.

छापील आकड्याचे काय? एन-९५ हा शिक्का मुळात अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेचा. तिची परीक्षा कडक आहे. वीस मास्क घ्यायचे, ३८ अंश तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत सुमारे २५ तास ठेवायचे, मग मिनिटाला ८५ लिटर हवा ओढत सुमारे ०.३ मायक्रॉनच्या मिठाच्या कणांचा मारा करायचा. किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपचे एफएफपी-२ हे मानक ही परीक्षा ९५ लिटरला घेते आणि ९४ टक्के मागते. आपले आयएस ९४७३ हे मानकही एफएफपी-१, २, ३ अशीच वर्गवारी करते. पण बाजारातल्या कित्येक खोक्यांवर ‘९९ टक्के संरक्षण’ असे लिहिलेले असते आणि सोबत जोडलेला अहवाल जिवाणू-गाळणीचा असतो. त्या चाचणीत थेंब सुमारे ३ मायक्रॉनचे, म्हणजे दहापट मोठे, आणि हवेचा वेग मिनिटाला अवघा २८.३ लिटर. साधा शस्त्रक्रियेचा मास्क या चाचणीत सहज ९५ च्या पुढे जातो. अहवाल खरा, प्रयोगशाळा खरी, सही-शिक्का खरा. फक्त परीक्षा वेगळ्याच विषयाची. टेंडरची फाइल पाहणाऱ्या कारकुनाला किंवा औषधनिर्माण अधिकाऱ्याला हा फरक कोणी शिकवलेला नसतो, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तरी काही खुणा शिकवण्याजोग्या आहेत. ‘नायोश’ मान्यता असलेल्या मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांक आणि लॉट क्रमांक असतो, त्याला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात, आणि लहान मुलांसाठी म्हणून ‘नायोश’ कोणताही मास्क मान्य करत नाही. कानात अडकवायचे लूप आणि वर एन-९५ छापलेले, असा मास्क दिसला की शंका घ्यायलाच हवी. भावाच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये पुढाकार घेतला आणि एन-९५ ची किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांत बांधून दिली. तो निर्णय चांगलाच होता. मात्र त्या ४९ रुपयांत हाती येणारी वस्तू कशी आहे, हे कळायची सोय त्यातून झाली नाही.

खोक्यावरचा कागद आणि खोक्यातला माल यांत किती अंतर पडू शकते, याचा अनुभव श्रीमंत देशांनी घेतला आहे. मार्च २०२० च्या अखेरीस नेदरलँड्सने आयात केलेल्या सुमारे १३ लाख मास्कपैकी ६ लाख दवाखान्यांतून परत मागवले, कारण ते चेहऱ्यावर नीट बसत नव्हते आणि गाळणीही सदोष होती. मे २०२० मध्ये कॅनडाने सांगितले की एका पुरवठादाराकडून आलेल्या सुमारे १ कोटी १० लाख मास्कपैकी ८० लाख निकषांत बसत नाहीत. त्याच महिन्यात अमेरिकेने चिनी मास्कच्या अनेक उत्पादकांना दिलेली तातडीची परवानगी ‘नायोश’च्या चाचण्या पाहून काढून घेतली. या सर्व मालासोबत कागदपत्रे होतीच. माल पकडला गेला तो घेणाऱ्याने स्वतः तपासल्यामुळे. आणि आपल्याच परिसरातली गोष्ट घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचे प्रयोगशाळेच्या अहवालातून उघड झाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. गोळीच्या बाबतीत नमुना काढून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची वहिवाट आहे, म्हणून ते निदान उजेडात आले. वॉर्डाच्या भांडारात आलेल्या मास्कच्या खोक्याला अशी कोणती वाट आहे?

इथपर्यंत आपण कापडाबद्दल बोललो. माझ्या मते याहून मोठा प्रश्न कडेचा आहे, म्हणजे मास्क आणि गाल यांच्यामधल्या फटीचा. साधा हिशेब करू. कापड ९८ टक्के कण अडवणारे, अगदी उत्तम. पण कडेने १० टक्के हवा शिरते. त्या हवेबरोबर आलेले कण तसेच आत जातात, आणि उरलेल्या ९० टक्क्यांतले २ टक्के कापडातून. एकूण जवळजवळ १२ टक्के. आता कापड जेमतेम ९५ चे, पण कडेची गळती १ टक्काच. एकूण ६ टक्क्यांच्या आतच. महागडा, उत्तम मास्क ढिला बसला तर साध्या पण घट्ट बसणाऱ्या मास्कच्या जवळजवळ दुप्पट कण आत जातात. म्हणून अमेरिकेत कामगार-सुरक्षेचा कायदाच सांगतो की असा मास्क देण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याची ‘फिट टेस्ट’ घ्या, आणि पुढे दरवर्षी घ्या. ही चाचणी अवघड नाही. माणसाने मास्क चढवायचा. त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारी पारदर्शक टोपी घालायची. टोपीच्या भोकातून अतिशय कडू द्रावणाचा फवारा मारायचा. मग त्याने सावकाश श्वास घ्यायचा, खोल श्वास घ्यायचा, मान डावी-उजवीकडे वळवायची, वर-खाली करायची, कमरेत वाकायचे, आणि एक उतारा मोठ्याने वाचायचा. जिभेवर कडू चव आली की मास्क नापास. त्या माणसाला दुसरा आकार द्यायचा. सिस्टर रुग्णाला कूस बदलायला मदत करताना वाकते, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाशी बोलते, मान वळवून सलाइन पाहते. मास्क निसटतो तो नेमका त्या हालचालींत, आरशासमोर उभे असताना तो निसटत नाही.

ही चाचणी आपल्याकडे अधिक गरजेची आहे. हे मास्क बहुतेक परदेशी चेहऱ्यांच्या मापांवर बेतलेले. आपल्या दवाखान्यांत रुग्णाच्या सर्वांत जवळ सर्वांत जास्त वेळ असतात त्या परिचारिका; बहुतेक स्त्रिया, चेहरे लहान. भांडारात मात्र एकच आकार येतो. नांदेडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबचे हे शहर. इथे शीख डॉक्टर, कर्मचारी, स्वयंसेवक असणारच, आणि दाढी असली की मास्कची कड चेहऱ्याला टेकत नाही. ‘दाढी काढा’ हे उत्तर श्रद्धेच्या आड येते आणि ते देण्याची गरजही नाही. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर ताणून बांधायच्या पट्टीची एक पद्धत तपासली, तिला ‘सिंग ठाठा’ पद्धत म्हणतात. दाढी असलेल्या २७ जणांपैकी २५ जण ती बांधून फिट टेस्ट उत्तीर्ण झाले. ही पद्धत नांदेडच्या दवाखान्यात शिकवली गेली पाहिजे, आणि तिच्या चाचण्या इथल्या चेहऱ्यांवर झाल्या पाहिजेत. याचे संशोधन करायला नांदेडपेक्षा योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की तपासणीसाठी भारतीय मानक ब्युरो आहे, औषध प्रशासन आहे, १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधाच्या व्याख्येत आली आहेत. मग दवाखान्याने हे ओझे कशाला उचलायचे? या व्यवस्था हव्यातच. पण त्या उत्पादकाला परवाना देतात, अधूनमधून बाजारातले नमुने घेतात. अमुक तारखेला लातूरच्या भांडारात उतरलेला अमुक लॉट कसा आहे, हे त्या सांगू शकत नाहीत, आणि उन्हाळाभर पत्र्याच्या छपराखाली राहून त्याचे काय झाले हे तर नाहीच. ‘नायोश’ मास्कला ३८ अंशांत तापवते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची सावलीच बेचाळीसच्या पुढे जाते. इलास्टिक सैल पडते, नाकावरच्या पट्टीखालचा स्पंज सुटतो, आणि मुदत संपायच्या आत मास्क घट्ट बसेनासा होतो. ही झीज वापरणाऱ्याच्या जागीच तपासावी लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एका लॉटमधले वीस मास्क फोडून तपासायचे म्हटले तर २०२० च्या ४९ रुपयांच्या कमाल दराने ९८० रुपयांचा माल खर्ची पडतो. फिट टेस्टची टोपी आणि द्रावण वैद्यकीय महाविद्यालयाच्या खर्चात नगण्य आहे. गाळणी तपासणारे यंत्र महाग आहे, ते लाखोंच्या घरात जाते, हे मान्य. पण ते प्रत्येक दवाखान्याला लागत नाही. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणी, धाराशिव, बीड अशा भागाला एक पुरे. शिवाय २०२० मध्ये जगभरच्या विद्यापीठांनी साध्या कणमोजणी यंत्रांनी मास्कच्या आधीचे आणि नंतरचे कण मोजून वाईट माल वेगळा काढला. ते काम प्रमाणपत्र देण्याइतके काटेकोर नसते, पण ९५ चा म्हणून विकलेला ६० चा मास्क पकडायला ते पुरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो संशोधनाच्या आधाराने येतो. २०२२ च्या अखेरीस कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्त येथील २९ आरोग्य केंद्रांतल्या सुमारे हजार कर्मचाऱ्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. साधा वैद्यकीय मास्क वापरणाऱ्यांत १०.४६ टक्के, तर एन-९५ वापरणाऱ्यांत ९.२७ टक्के जणांना कोविड झाला. फरक एवढा थोडा असेल तर इतका खटाटोप कशासाठी, असे विचारले जाते. या अभ्यासाची मर्यादा त्याच्या लेखकांनीच आकड्यांत दिली आहे. साध्या मास्कचा धोका २३ टक्क्यांनी कमी इथपासून ६९ टक्क्यांनी जास्त इथपर्यंत कुठेही असू शकतो, एवढीच त्यातली खात्री. धोका दुप्पट होत नाही, इतके दाखवण्यासाठी तो अभ्यास आखला होता. वॉर्डातल्या परिचारिकेला ‘तुझा धोका दुपटीपेक्षा कमी वाढेल’ असे सांगून कोणाला समाधान वाटेल, मला वाटत नाही. शिवाय कर्मचारी ड्युटीबाहेर, घरी, बाजारातही बाधित होतात आणि तो संसर्ग दोन्ही गटांत सारखाच मिसळतो. आणि प्रश्न फक्त कोविडचा नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय हवेतूनच पसरतो, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्याला रोजची ड्युटी त्याच हवेत करावी लागते.

चौथा आक्षेप उन्हाचा. एवढ्या उकाड्यात मास्क घालवत नाही, म्हणून तो हनुवटीवर येतो, हे खरे आहे. पण श्वासाला होणारा अडथळा हाही दर्जाच्याच परीक्षेचा भाग आहे. मानकांत त्याची वरची मर्यादा ठरलेली आहे. वाईट मेल्टब्लोनने ९५ गाठायचे तर थर जाड करावे लागतात आणि जीव गुदमरतो. चांगल्या मास्कमध्ये विद्युतभार काम करतो, म्हणून तो हलका राहतो. झडप लावून सोय करता येते, पण झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी अशा मास्कविरुद्ध राज्यांना पत्र लिहिले ते याचसाठी. जो मास्क घालवत नाही तो नापास, असे म्हणण्याचा अधिकार घालणाऱ्याला असला पाहिजे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत कोविडने मृत्यू पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या दिली: १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका, ४४ आशा. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच हरकत घेतली की एकट्या डॉक्टरांचाच आकडा सातशेच्या वर आहे. माणसे किती गेली यावरच एकमत होत नसेल, तर ती कोणता मास्क घालून कामावर होती, त्याचा लॉट कोणता होता, याची नोंद कुठून असणार? ती नोंद नसल्यामुळे या मृत्यूंपासून शिकायची वाटच बंद झाली, आणि मला याचे सर्वांत जास्त दुःख आहे. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये औषधाचा बॅच नंबर लिहिला जातो, तसा मास्कचा लॉट नंबर लिहायला एक रकाना पुरतो.

या तपासणीची साधने इथे आहेत. दोन मोठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहेत. याच विद्यापीठात २०२० मध्ये स्वॅब तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हाही आपल्याला हे जमणार नाही असे म्हणता आले असते. राज्याची वैद्यकीय खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ च्या कायद्याने ती महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आली. खरेदी मुंबईतून होवो, पण माल स्वीकारण्याची सही इथे होते, आणि त्या सहीआधी वीस मास्क तपासायला कोणताही कायदा आड येत नाही.

म्हणून निवासी डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. पगार, वसतिगृह, रिक्त पदे या मागण्यांच्या यादीत आणखी एक ओळ घाला: लॉटमधले वीस मास्क तपासून उत्तीर्ण झाल्याशिवाय पुरवठादाराचे बिल निघणार नाही, आणि फिट टेस्ट झाल्याशिवाय कोणालाही क्षयाच्या किंवा साथीच्या वॉर्डात पाठवले जाणार नाही. सफाई कामगार आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकांना त्या ओळीतून वगळू नका. आणि जिल्हा नियोजन समितीवर बसणाऱ्या, आज या सभागृहात असलेल्या मंडळींनी येत्या अंदाजपत्रकात गाळणी तपासणाऱ्या त्या एका यंत्रासाठी तरतूद मागावी.